बांधीतले नत्र, समुद्रातले नत्र



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, त्या गुरुजींनी या गोंदिया जिल्ह्यातल्या मुलांना विज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवले. म्हणून आज मी विज्ञानातला एक विषय सविस्तर मांडणार आहे. विषय समुद्रातला आहे. समुद्रातले सायनोबॅक्टेरिया, म्हणजे ज्यांना आपली शाळेची पुस्तके नील-हरित शेवाळ म्हणतात ते सूक्ष्मजीव, नत्र कसे मिळवतात आणि ही क्षमता त्यांच्यात कशी घडत, बदलत आणि काही ठिकाणी नाहीशी होत गेली, हे मला सांगायचे आहे.

आपला जिल्हा समुद्रापासून फार लांब आहे. मग समुद्राची गोष्ट इथे का? कारण या जीवांचे सगेसोयरे आपल्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, आहेत. रोवणी झाल्यावर आठ-पंधरा दिवसांनी बांधीच्या पाण्यावर दुपारी जो हिरवा-निळसर थर तरंगून वर येतो, त्यात ते असतात. पहिल्या पावसानंतर धुऱ्यावर, गाडरस्त्याच्या कडेला जे लिबलिबीत हिरवट गोळे दिसतात, तो नॉस्टॉक त्यांच्यापैकीच. नवेगावबांधच्या पाण्यात ते आहेत, इटियाडोहात आहेत, गावोगावच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांत आहेत. आणि आणखी एक गोष्ट आहे, तिच्यासाठीच मी हा विषय इथे मांडायला निघालो. समुद्रातून जीव वर आले आणि जमिनीवर पसरले, असे आपण सर्वसाधारणपणे मानतो. सायनोबॅक्टेरियांच्या बाबतीत पुरावा उलट दिशेने बोट दाखवतो. ब्रिस्टल विद्यापीठाच्या पॅट्रिशिया सांचेझ-बाराकाल्डो यांनी या जीवांच्या जनुकांवरून त्यांची वंशावळ मांडली. तिच्यावरून असे दिसते की त्यांचे आद्य पूर्वज गोड्या, उथळ पाण्यात राहणारे होते. आज खुल्या समुद्रात तरंगत नत्र बांधणारे सायनोबॅक्टेरिया फार नंतरचे, साधारण ८० ते ५० कोटी वर्षांपूर्वीच्या काळातले. म्हणजे गोष्ट तळ्यातून समुद्राकडे गेलेली आहे. तळ्यांच्या जिल्ह्यात ती सांगायला संकोच कशाला?

आधी नत्राची अडचण नीट समजून घेऊ. हवेत ७८ टक्के नत्र आहे. आपल्या डोक्यावर, धानावर, समुद्रावर सगळीकडे ते सारखेच आहे. तरीही वनस्पती आणि बहुतेक सारे जीव नत्रावाचून उपाशी राहतात. हवेतल्या नत्राचे दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की ते सुटे केल्याशिवाय कोणाच्या उपयोगी पडत नाहीत. प्रथिनात नत्र लागते, डीएनएत लागते, हरितद्रव्यात लागते. एक टन धान पिकवायला पिकाला साधारण १५ ते २० किलो नत्र उचलावे लागते. माणसाने हा बंध तोडायची युक्ती विसाव्या शतकात शोधली. फ्रिट्झ हाबरने १९०९ साली प्रयोगशाळेत ते करून दाखवले, कार्ल बॉशने १९१३ साली जर्मनीत ओपाऊ येथे कारखाना उभा केला. त्यासाठी ४०० अंश सेल्सिअसच्या वरचे तापमान आणि हवेच्या दाबाच्या शेकडो पट दाब लागतो. युरियाच्या पोत्यातले नत्र याच मार्गाने येते.

हेच काम नायट्रोजिनेज नावाचे विकर साध्या तापमानाला, साध्या दाबाला करते. यालाच नत्र बांधणे किंवा नत्रस्थिरीकरण म्हणतात. मात्र फुकटात करत नाही. नत्राच्या एका रेणूमागे पेशीला एटीपीचे १६ रेणू आणि ८ इलेक्ट्रॉन खर्चावे लागतात. विकर अतिशय संथ आहे, त्यामुळे ते पुष्कळ बनवून ठेवावे लागते. त्याच्या गाभ्यात लोह आणि मॉलिब्डेनम लागते, आणि लोह तर भरपूर. शिवाय ऑक्सिजनचा स्पर्श झाला की ते कायमचे निकामी होते.

ही शेवटची अट विलक्षण आहे. प्राचीन खडकांतल्या नत्राच्या समस्थानिकांवरून असे दिसते की जैविक नत्रस्थिरीकरण ३.२ अब्ज वर्षांपूर्वीही चालू होते. तेव्हा हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हता आणि विकराला कशाची भीती नव्हती. पुढे सायनोबॅक्टेरियांनी पाणी फोडून प्रकाशसंश्लेषण करायला सुरुवात केली, त्यातून ऑक्सिजन बाहेर पडू लागला आणि सुमारे २.४ अब्ज वर्षांपूर्वी तो पृथ्वीच्या हवेत साचू लागला. भूशास्त्रज्ञ ज्या खडकांना आपल्या आमगावच्या नावाने ओळखतात, ते आमगाव नाइस याच जुन्या, अब्जांत मोजायच्या काळातले. आमगावच्या बाजूला शेतात उघडा पडलेला खडक दिसला तर एवढे लक्षात घ्या, की त्या युगात पृथ्वीवर ऑक्सिजन सोडणारे आणि नत्र बांधणारे जीव एकाच कुळातले होते. स्वतःच्याच श्वासाने स्वतःचे सर्वांत मोलाचे विकर मरते, असा पेच त्यांच्यापुढे उभा राहिला. या कुळाचा पुढचा सारा इतिहास त्या पेचातून काढलेल्या वाटांचा आहे. समुद्रात आणि तळ्यात या वाटा वेगवेगळ्या झाल्या.

तळ्यातली, बांधीतली वाट आधी पाहू. ॲनाबिना, नॉस्टॉक, ऑलोसिरा हे धाग्यासारखे जीव. एका धाग्यात पेशी ओळीने असतात. सुट्या नत्राची टंचाई झाली की दर दहा-वीस पेशींमागे एक पेशी बदलू लागते. ती स्वतःभोवती जाड भिंत बांधते, ऑक्सिजन सोडणारे प्रकाशसंश्लेषण बंद करते आणि आत नायट्रोजिनेज तयार करते. तिला साखर शेजारच्या पेशींकडून मिळते, ती त्यांना बांधलेले नत्र देते. अशा पेशीला हेटरोसिस्ट म्हणतात. ती पुन्हा कधी विभागत नाही. कोणत्या पेशीने बदलायचे आणि कोणत्या नाही, हे बदलणाऱ्या पेशीतून शेजाऱ्यांकडे जाणारा एक छोटासा प्रथिनतुकडा ठरवतो. त्यामुळे दोन हेटरोसिस्टमधले अंतर जवळपास सारखे राहते. एका ॲनाबिनात तर नायट्रोजिनेजच्या जनुकाच्या मध्येच सुमारे ११ हजार अक्षरांचा डीएनएचा तुकडा घुसलेला असतो. हेटरोसिस्ट बनताना तो कापून काढला जातो आणि जनुकाची टोके पुन्हा जुळतात, हे अमेरिकेत गोल्डन आणि हेझलकॉर्न यांच्या गटाने १९८५ साली दाखवले. वेगळ्या कामासाठी पेशी वेगळी करण्याची ही रीत फार जुनी आहे. हेटरोसिस्टवाल्या कुळाचे वय दोन अब्ज वर्षांच्या घरात असावे, असा अंदाज आहे. अनेकपेशीय प्राण्यांचा तेव्हा मागमूसही नव्हता.

या बांधीतल्या जीवांचा अभ्यास भारतात झाला, आणि तो जगाच्या आधी झाला, हे आपण अभिमानाने सांगितले पाहिजे. खत न घालताही भातखाचरे पिढ्यान्‌पिढ्या पिकतात कशी, हा प्रश्न बंगालचे पी. के. डे यांनी घेतला. भातखाचरातल्या मातीत हवेतले नत्र बांधण्याचे काम मुख्यत्वे नील-हरित शेवाळ करते, हे त्यांनी १९३९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. काशी हिंदू विद्यापीठाच्या आर. एन. सिंह यांनी उत्तर प्रदेश-बिहारच्या भातखाचरांवर काम केले आणि १९५० साली ऊसर जमीन या जीवांच्या मदतीने सुधारता येते, असे ‘नेचर’मध्ये मांडले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत जी. एस. वेंकटरमण यांनी त्यावरून शेतकऱ्याला वापरता येईल असे शैवाल खत तयार केले. टी. व्ही. देसिकाचारी यांचा सायनोबॅक्टेरियांवरचा १९५९ चा ग्रंथ आजही या जीवांची ओळख पटवायला उघडावा लागतो. आणि विदर्भात नागपूरच्या डॉ. एन. डी. कामत यांनी आपल्या भागातल्या शैवालांची नोंद करून ठेवली. असे नोंदीचे काम चकचकीत नसते, त्याला बक्षिसे मिळत नाहीत. पण ते नसेल तर पुढच्या माणसाला आपल्या तळ्यात काय आहे तेच कळत नाही.

आता समुद्राकडे वळू. खुल्या समुद्राचे निळेशार पाणी पाहून मन भरून येते. पण ते पाणी निळे आहे कारण त्यात फारसे काही उगवत नाही. खाली खोलवर नायट्रेट भरपूर आहे, वर उजेड आहे, आणि दोघांची भेट क्वचित होते. वरच्या थरात नत्र इतके कमी असते की साध्या पद्धतीने मोजायला गेले तर हाती शून्यच येते. अशा ठिकाणी हवेतले नत्र बांधता येणे ही मोठी सोय आहे. पण किनाऱ्यापासून दूर समुद्रात लोहही मिळत नाही. नदी नाही, माती नाही, असलीच तर वाऱ्याने आलेली धूळ. आणि नायट्रोजिनेजला तर लोह हवेच.

ट्रायकोडेस्मियमने यातून काढलेली वाट आपल्याला अरबी समुद्रात पाहता येते. फेब्रुवारी ते मे या काळात गोवा आणि कोकणच्या किनाऱ्यापलीकडे कधी कधी समुद्रावर तपकिरी-गेरव्या रंगाचे लांबच लांब पट्टे दिसतात. जवळून पाहिले तर लाकडाच्या भुशासारखे कण. १७७० साली ऑस्ट्रेलियाजवळ कॅप्टन कुकच्या जहाजावरील खलाशांनी त्याला समुद्राचा भुसाच म्हटले होते. एरेनबर्गने तांबड्या समुद्रात तो पाहिला आणि १८३० साली त्याला ट्रायकोडेस्मियम हे नाव दिले. तो नत्र बांधतो, हे १९६१ साली अटलांटिकच्या सारगासो समुद्रात सिद्ध झाले. आपल्याकडे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील देवासी, भट्टथिरी आणि कासिम यांनी १९७८ साली या बहराचा सविस्तर अभ्यास मांडला. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी पुढे पूर्व अरबी समुद्रात अशा बहरातले नत्रस्थिरीकरण प्रत्यक्ष मोजले.

ट्रायकोडेस्मियमला हेटरोसिस्ट नाही. तो उजेडात प्रकाशसंश्लेषणही करतो आणि उजेडातच नत्रही बांधतो. अनेक वर्षे हे कोडे होते. नंतर कळले की तो सकाळी विकर तयार करतो, दुपारच्या सुमारास ऑक्सिजन सोडणारे काम काही काळ मंद करून नत्राचे काम जोरात करतो आणि रात्री ते विकर मोडून टाकतो. लोहासाठी त्याचे पुंजके वाऱ्याने आलेली धूळ पकडून आपल्या मध्यभागी नेतात. आपल्याला उन्हाळ्यात नकोशी वाटणारी थरच्या आणि अरबस्तानच्या वाळवंटांची धूळ त्याच्यासाठी लोहाचा साठा असते. स्फुरद कमी पडले तर इतर जीव सहसा वापरत नाहीत अशी फॉस्फोनेट नावाची संयुगेही तो फोडून घेतो.

क्रोकोस्फेरा नावाचा एकपेशी जीव आणखी काटकसरी आहे. तो दिवसा प्रकाशसंश्लेषण करतो आणि रात्री नत्र बांधतो. दोन्ही कामांना लोह लागते, आणि समुद्रात दोन्हींपुरते लोह नसते. मग तो रोज संध्याकाळी प्रकाशसंश्लेषणाच्या प्रथिनांतले लोह काढून नायट्रोजिनेजमध्ये घालतो आणि पहाटे परत उलट करतो. हे २०११ साली अमेरिकेतल्या वुड्स होल समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी दाखवले. दोन विकरे रोज मोडायची आणि रोज नव्याने बांधायची, हा खर्च त्याला परवडतो, कारण लोह मिळवणे त्याहून महाग आहे. उत्क्रांतीचे हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. क्षमता असणे ही एक गोष्ट, ती वापरण्याजोगी परिस्थिती असणे ही दुसरी. निसर्गात दोन्ही एकत्र जुळल्याशिवाय क्षमता टिकत नाही.

काही जीव दुसऱ्याच्या आत जाऊन राहिले. रिशेलिया हा हेटरोसिस्टवाला सायनोबॅक्टेरिया समुद्रातल्या डायटमच्या कवचाआड राहतो. त्यातल्या एका जातीने पाण्यातून अमोनियम आणि नायट्रेट उचलण्याची जनुके जवळजवळ टाकून दिली आहेत. आत बसल्यावर बाहेरचे नत्र त्याला कशाला हवे? त्याचे काम एकच: हवेतले नत्र बांधून यजमानाला देणे. अझोलाच्या पानात राहणारा नॉस्टॉकही असाच यजमानावर विसंबून राहिला आहे. अझोला आपल्या कित्येक शेतकऱ्यांनी गुरांच्या खाद्यासाठी हौद बांधून वाढवली आहे. तिच्या हिरव्या पानांत हा प्रकार डोळ्यांसमोर चालू असतो.

याच दिशेने सर्वांत पुढे गेलेला जीव यूसीवायएन-ए नावाने ओळखला जातो. अमेरिकेतले जोनाथन झेर यांना १९९८ साली प्रशांत महासागराच्या पाण्यात त्याच्या जनुकाचा एक तुकडा सापडला. जीव कोणता, तो कुठे राहतो, काहीच माहीत नव्हते. पुढे त्याची सारी जनुके वाचली तेव्हा दिसले की त्याच्याकडे ऑक्सिजन सोडणारी यंत्रणा नाही, कार्बन बांधणारे विकर नाही. सायनोबॅक्टेरिया म्हणवून घ्यायला आवश्यक असे जवळजवळ सगळे त्याने सोडले होते, नायट्रोजिनेज तेवढे ठेवले होते. जपानच्या क्योको हागिनो यांनी त्याचा यजमान असलेले ब्रारुडोस्फेरा नावाचे सागरी शैवाल प्रयोगशाळेत वाढवण्यासाठी दशकाहून अधिक काळ खटाटोप केला. २०२४ साली ‘सायन्स’ नियतकालिकात निष्कर्ष आला, की हा जीव आता स्वतंत्र राहिलेला नाही. तो यजमानाबरोबर विभागतो, यजमानाने बनवलेली प्रथिने आत घेतो. तो पेशीचे एक अंगक झाला आहे. हरितलवक जसे एकेकाळी स्वतंत्र सायनोबॅक्टेरिया होते, तसेच हे. नत्र बांधणारे अंगक प्रथमच सापडले. उद्या धानाच्या पेशीत असे काही घडवता येईल का, हा प्रश्न जगभरच्या प्रयोगशाळांत आज विचारला जात आहे. त्याचे बीज समुद्रातल्या या नगण्य जीवात आहे.

आता मला ज्याच्याबद्दल सर्वांत जास्त बोलायचे आहे, त्या प्रोक्लोरोकोकस या सागरी सायनोबॅक्टेरियाकडे येतो. नत्र बांधण्याची क्षमता त्याला नाहीच. मग इथे त्याचे काय काम? पण समुद्रातल्या नत्राची खरी गोष्ट त्याच्यात आहे.

१९८८ साली सॅली चिशोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये त्याची ओळख करून दिली. त्याआधी तो कोणाच्या लक्षात आला नव्हता, कारण तो अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपासचा, प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवांत सर्वांत लहान. आणि संख्येने मात्र पृथ्वीवर सर्वांत जास्त. उष्ण कटिबंधातल्या समुद्राच्या एका चमचाभर पाण्यात लाखो पेशी असू शकतात. त्याच्या एका वंशात जेमतेम १७०० च्या आसपास जनुके आहेत. इतक्या तुटपुंज्या सामग्रीवर पाणी, हवा, उजेड आणि काही क्षार यांतून संपूर्ण जीव उभा राहतो, हे मनावर घ्यावे असे आहे.

नत्रासाठी तो काय करतो? सर्वांत सोपे अन्न अमोनियम. दुसऱ्या कोणाच्या विष्ठेतून, कुजण्यातून थोडे थोडे मिळते आणि ते थेट वापरता येते. युरियाही तो फोडतो. तोच युरिया, जो आपण पोत्यातून टाकतो, समुद्रात माशांच्या आणि सूक्ष्म प्राण्यांच्या मूत्रातून येतो. नायट्रेट मात्र महाग. ते आत घेण्यासाठी वेगळे वाहक लागतात, नायट्रेटचे नायट्राइट करायला दोन इलेक्ट्रॉन, नायट्राइटचे अमोनियम करायला आणखी सहा. म्हणून प्रोक्लोरोकोकसच्या अनेक वंशांनी नायट्रेट वापरण्याची जनुके टाकून दिली, तर काहींनी ठेवली. एमआयटीमधील पॉल बेरुब आणि चिशोम यांच्या गटाने शेकडो वंश तपासून दाखवले की ही जनुके मुख्यत्वे पूर्वजांकडून वारशाने आली आणि वेगवेगळ्या शाखांत वेगवेगळ्या वेळी गळाली. काहींत ती समान गुणसूत्रखंडांच्या अदलाबदलीतून परतही आली. लांबच्या पायी वारीला निघालेला माणूस वाटेत पडशीतल्या एकेका वस्तूचा विचार करतो आणि ज्याची पुढच्या मुक्कामी सोय आहे ते मागे ठेवून जातो. प्रोक्लोरोकोकसने पिढ्यान्‌पिढ्या असेच केले.

पण कोणी तरी ती वस्तू बाळगलेली असावी लागते. उजेडाच्या खालच्या थरातल्या काही वंशांत नायट्रेट घ्यायची जनुके आहेत, पण ते काम पुरते करत नाहीत. नायट्राइट अर्ध्या वाटेवर बाहेर सोडतात. शेजारच्या ज्या वंशांकडे फक्त नायट्राइट वापरायची सोय आहे, ते ते उचलतात. एका जातीच्या आत असा व्यवहार चालतो. टाकलेली क्षमता दुसऱ्याच्या जवळ असणे, हेच टाकण्याचे बळ.

काटकसर किती खोल आहे, ते पाहा. डीएनएमध्ये ए-टी या जोडीत नत्राचे सात अणू असतात, जी-सी जोडीत आठ. प्रोक्लोरोकोकसच्या एका प्रसिद्ध वंशात, एमईडी४ मध्ये, जी-सीचे प्रमाण जेमतेम ३१ टक्के आहे. नत्राच्या उपासमारीने अक्षरांची निवडही वळवली असावी, असा तर्क आहे. प्रथिनांतही नत्र कमी असलेल्या अमिनो आम्लांकडे झुकाव दिसतो. पेशीच्या पडद्यात स्फुरदाऐवजी गंधकाचे मेदपदार्थ वापरून तो स्फुरदही वाचवतो. हे सारे समुद्राच्या पाण्याने त्याच्या अक्षरांत कोरलेले आहे, असे म्हणायला हरकत नाही.

नियंत्रण कसे चालते, हेही थोडक्यात सांगतो, कारण पुढे बांधीत आल्यावर ते लागेल. सायनोबॅक्टेरियाच्या पेशीत एनटीसीए नावाचे प्रथिन असते. नत्र कमी असले की पेशीत २-ऑक्सोग्लुटारेट हा कार्बनचा पदार्थ साचतो, कारण तो जुळवून घ्यायला नत्र नसते. तो एनटीसीएला जाऊन बसतो आणि नत्र मिळवण्याची जनुके चालू होतात. हेटरोसिस्टही याच इशाऱ्याने बनू लागतात. अमोनियम पुरेसे मिळाले की हा पदार्थ वापरला जातो, इशारा थांबतो, आणि नायट्रेटची सोय, नत्र बांधण्याची सोय, सगळी बंद पडते. पेशी मूर्ख नाही. स्वस्त मिळते तर महाग का बनवायचे?

अरबी समुद्राच्या मधल्या थरात एक उलट काम चालू असते. तिथे ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असतो आणि दुसरे जिवाणू नायट्रेटपासून पुन्हा नत्रवायू करतात. बांधलेले नत्र हवेत परत जाते. गोव्याच्या एस. डब्ल्यू. ए. नक्वी यांनी यावर दीर्घकाळ काम केले. २००० साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याअखेर ऑक्सिजन इतका घटतो की नायट्रस ऑक्साइड हा उष्णता धरणारा वायू मोठ्या प्रमाणात सुटतो. किनाऱ्याकडे येणारे खतांतले नायट्रेट याला कारणीभूत असू शकते, असे त्यांनी सुचवले.

आपले पाणी तिकडे जात नाही. बाघ आणि चुलबंद वैनगंगेत, वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता, प्राणहिता गोदावरीत, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. तिथे आजवर एक चमत्कार टिकून आहे. २०१७ साली भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी मिळून उपसागराचे मोजमाप प्रसिद्ध केले. तिथेही मधल्या थरात ऑक्सिजन अगदी नाममात्र आहे, नत्र उडवणारे जिवाणूही आहेत, पण नत्रवायू अरबी समुद्राइतका बनत नाही. त्या उरल्यासुरल्या ऑक्सिजनमुळे नायट्राइटचे पुन्हा नायट्रेट होते आणि जिवाणूंना कच्चा माल कमी पडतो. म्हणजे तो समुद्र एका काठावर उभा आहे. ऑक्सिजन आणखी थोडा कमी झाला, पोषकद्रव्ये आणखी थोडी वाढली, तर तो काठ ओलांडेल. गोदावरीच्या वरच्या टोकाला बसलेल्या आपल्या बांधींचा त्यात भाग अल्पसा आहे, पण आहे.

बांधीत परत येऊ. ४५ किलोच्या एका पोत्यात ४६ टक्क्यांच्या हिशेबाने जवळपास २१ किलो नत्र असते. चांगल्या परिस्थितीत नील-हरित शेवाळ एका हंगामात हेक्टरी २० ते ३० किलो नत्र बांधते. म्हणजे साधारण एका पोत्याचे काम. पण आपण युरिया पाण्यात फेकला की काय होते? पाण्यात अमोनियम वाढते, एनटीसीएचा इशारा थांबतो, हेटरोसिस्ट बनेनासे होतात. शेवाळ वाढते, बांधी हिरवी दिसते, पण नत्र बांधणारे मागे पडतात आणि न बांधणारे हिरवे शेवाळ पुढे येते. काही युरिया अमोनिया होऊन उडून जातो. म्हणजे आपण नत्र विकत घेऊन फुकटचे बंद करतो आणि विकत घेतलेल्यातलेही काही वाऱ्यावर सोडतो.

शैवाल खताचे पुडके टाकून हा प्रश्न सुटत नाही, हे मी स्पष्ट सांगतो. फिलिपाईन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत पुढे झालेल्या कामातून दिसले की हेटरोसिस्टवाले जीव बहुतेक भातखाचरांत आधीपासूनच असतात आणि बाहेरून आणलेले वंश क्वचितच टिकतात. गोगलगायी आणि पाण्यातले बारीक कवचधारी जीव ते खातात, स्फुरद कमी पडते, धान दाटले की सावली होते. बाहेरून आणण्यापेक्षा इथलेच जीव कामात राहतील, अशी परिस्थिती ठेवणे महत्त्वाचे.

त्यासाठी महाराष्ट्रातच एक वाट आहे. डॉ. एन. के. सावंत यांनी कोकणातल्या शेतकऱ्यांसाठी मांडलेली चारसूत्री पद्धत. तुसाची राख आणि पेंढा जमिनीत घालायचा, गिरिपुष्पाचा पाला घालायचा, रोपे नियंत्रित अंतराने लावायची, आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये सात ते दहा सेंटीमीटर खोल रोवायच्या. सावंतांनी हे पिकासाठी मांडले. पण आपल्या विषयाच्या नजरेने पाहिले तर चौथे सूत्र आणखी काही करते: नत्र मातीत खोल राहिले की वरच्या पाण्यात अमोनियम कमी राहते, आणि पृष्ठभागावरचे सायनोबॅक्टेरिया नत्र बांधत राहतात. खोल दिलेल्या युरियाने शेवाळाचे नत्रस्थिरीकरण चालू राहते, हे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या प्रयोगांतही दिसले आहे. आपल्याकडे धानाच्या पाठोपाठ लाखोळी घेण्याची जुनी रीत आहे. तीही जमिनीला नत्र देते. एकाच बांधीत खरिपाला पाण्यातले सायनोबॅक्टेरिया आणि रब्बीला लाखोळीच्या गाठींतले ऱ्हायझोबियम, अशी ही व्यवस्था आहे, आणि ती आपल्या शेतकऱ्यांना आधीपासून माहीत आहे.

इथल्या महाविद्यालयांतल्या वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या विभागांकडे मी एक मागणी ठेवतो. येत्या खरिपात शेजारशेजारच्या बांधी घ्या. एकीत युरिया नेहमीसारखा फेकलेला, दुसरीत गोळ्या खोल दिलेल्या, तिसरी लाखोळीनंतरची आणि रासायनिक नत्र न दिलेली. रोवणीनंतर दर आठवड्याला तिन्हींतले पाणी आणि शेवाळ घ्या. सूक्ष्मदर्शकाखाली धाग्यांमागे हेटरोसिस्ट किती, ते मोजा. पाण्यातले अमोनियम मोजा. नायट्रोजिनेज ॲसिटिलीनचे एथिलीन करते, त्या गुणधर्मावरून नत्रस्थिरीकरणाचा वेग मोजण्याची चाचणी १९६० च्या दशकापासून जगभर वापरात आहे. त्यासाठी लागणारा गॅस क्रोमॅटोग्राफ नागपूरला मिळेल. नवेगावबांध, इटियाडोह आणि एखाद्या मामा तलावाच्या पाण्याचे नमुनेही त्यात ठेवा, म्हणजे तळ्यातले कुळ आणि बांधीतले कुळ यांत किती फरक आहे ते कळेल. मिळणारी आकडेवारी आधी शेतकऱ्यांसमोर मांडा, गोरेगावला, सडक अर्जुनीला, आमगावला, आणि मग नियतकालिकाकडे पाठवा. मोजणीला लागणारे सामान आणि मुलांच्या प्रवासाचा खर्च याबद्दल मी व्याख्यानानंतर संबंधित प्राध्यापकांशी बोलायला थांबणार आहे.